हँडलची चिंधी

“कसा दिसतोय, महाराज?”

शिष्य श्रीहरीच्या हातात अजून ब्रश होता. समोर मठाच्या स्वयंपाकघरातला जुना फ्रीज. आठवड्यापूर्वी गंजानं खाल्लेला, आज मोरपंखी रंगात नुसता चकाकत होता.

आप्पामहाराज दारातच थांबले.

“हँडलची चिंधी कुठे आहे?”

“फेकली. मळून काळी झाली होती. उद्या उत्सवाला एवढी माणसं येणार...”

“आणि पुढचा पाट?”

“अडगळीत ठेवला.”

महाराजांची नजर उघड्या हँडलवर गेली.

हा फ्रीज शॉक मारायचा. कोरड्या हाताला झिणझिण्या येत. गेल्या पावसाळ्यात ओल्या फरशीवरून आलेलं मांजर त्याला घासलं आणि जागच्या जागी आडवं झालं. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन चहा पिऊन गेला. शेवटी स्वयंपाक करणाऱ्या द्वारकाबाईंनीच हँडलला चिंधी गुंडाळली, खाली लाकडी पाट टाकला. तेव्हापासून पाटावर उभं राहायचं, चिंधीला धरायचं, असा मठाचा रिवाजच पडला.

“सगळ्यांना बजावून ठेवलंय, महाराज,” श्रीहरी म्हणाला. “आणि रंगाचे तीन हात दिलेत. आता कसला शॉक?”

“मग लाव हात.”

श्रीहरी हसला. हात मात्र पुढे गेला नाही.

उद्या महाराज आपल्या अंगावरची छाटी वारसा म्हणून त्याच्या खांद्यावर घालणार होते. त्यांच्या गुरूंनी त्यांना दिलेली, भगवी, विरलेली. ते जाहीर झाल्यापासून श्रीहरीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“सगळ्यांना सांगितलंस?” महाराजांनी विचारलं.

“सगळ्यांना. द्वारकाबाई तेवढ्या लेकीकडे गेल्यात. त्या उद्या...”

मागच्या दारात ओली पावलं वाजली.

द्वारकाबाई एक दिवस आधीच आल्या होत्या. विहिरीवर अंघोळ करून, नैवेद्याच्या खिरीसाठी ओलेत्यानं सोवळ्यात. लुगड्यातून पाणी टपटपत होतं. पायात काही नाही.

“अगोबाई! नवा फ्रीज आणलात?”

आणि दूध घ्यायला त्या सरळ चालत गेल्या...

श्रीहरीनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. महाराजांच्या हातातली माळ खाली पडली.

द्वारकाबाईंची बोटं हँडलपासून वीतभर दूर होती.

श्रीहरीनं रंगाचा डबा उचलला आणि त्यांच्या पायांशी भिरकावला.

द्वारकाबाई किंचाळून मागे सरल्या.

“मेल्या, डोळे फुटले का तुझे? सोवळं मोडलंस माझं!”

श्रीहरी मटकन खाली बसला. रंगात.

“हा... हा तोच आहे, बाई. जुनाच...”

द्वारकाबाईंनी फ्रीजकडे पाहिलं. मग पायाखालच्या ओल्या फरशीकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.



“बटण बंद कर,” महाराज म्हणाले.

श्रीहरीनं कोरड्या लाटण्यानं बटण वर ढकलून बंद केलं. एकदा, दोनदा, खात्री होईना म्हणून तिसऱ्यांदा तपासलं.

“महाराज, माझ्या हातून बाई गेल्या असत्या... सगळा रंग खरवडून काढतो. आत्ताच.”

“रंगानं काय केलंय? राहू दे.”

महाराजांनी अंगावरची छाटी काढली. फ्रीजपाशी जाऊन चकचकीत हँडलला गुंडाळू लागले. एक वेढा. दुसरा. वर घट्ट गाठ.



“महाराज... ही तर तुमच्या गुरूंची. उद्या मला देणार होतात...”

महाराजांनी गाठ ओढून पाहिली.

“मीही असाच, वरून नवा नि आतून जुनाच होतो. त्यांनीही मला ती ह्याचसाठी बांधली होती, बाळ.”