स्ट्रायकरला घातलेला लगाम

एकदा एका शहरात संगणकांचा एक वैद्य राहत असे. भाजी मंडईमागच्या गल्लीत त्याचे दुकान होते आणि सारे त्याला तात्या म्हणत. यंत्र कितीही बिघडलेले असो, तात्या आधी ते आणणाऱ्या माणसाकडे पाहत. त्यांची शिष्या ऋजुता मोठी हुशार. आणि आपण हुशार आहोत हे तिला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

एके सकाळी सुहासिनीबाई नावाच्या वृद्ध बाई कापडी पिशवीतून नवाकोरा मॅक संगणक घेऊन आल्या. परदेशातल्या लेकाने धाडलेला. घरचा जुना विंडोजचा संगणक जळाला होता, आणि त्यावरचा कॅरमचा खेळ तेवढा एका पेनड्राइव्हवर उरला होता.

"आजी, मॅकवर कॅरमचे ढीगभर खेळ मिळतात. एखादा घालून देऊ का?" ऋजुताने विचारले.

"घातले होते गं नातवानं. त्यात स्ट्रायकर ओढावा लागतो. ह्यांचा उजवा हात अर्धांगानं गेलाय. जुन्या खेळात स्ट्रायकर आपला आपण रेषेवर फिरतो, जागेवर आला की एक कळ दाबायची, झालं. तेवढं डाव्या बोटानं जमायचं त्यांना. रोज संध्याकाळी एक डाव व्हायचा आमचा." बाईंनी पेनड्राइव्ह पुढे केला. "तीन आठवडे खेळ नाही. आता बोलणंही सोडलंय त्यांनी."

ऋजुताने कंबर कसली. विंडोजचा खेळ मॅकवर चालावा म्हणून एक सॉफ्टवेअर असते. ते दोघांच्या मध्ये दुभाष्यासारखे बसते. खेळ आपल्या बोलीत काही मागतो, दुभाष्या ते मॅकला त्याच्या बोलीत सांगतो, आणि बिचाऱ्या खेळाला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. दोन दिवस खटपट केल्यावर पडद्यावर कॅरमचा पट उमटला. कोपऱ्यात एक आकडा झळकत होता: चित्र सेकंदाला किती वेळा बदलते, त्याचा. जुन्या संगणकावर तो तीस असे; इथे दोनशे चाळीस होता. ऋजुताला आभाळ ठेंगणे झाले.

तिसऱ्या दिवशी सुहासिनीबाई यजमानांना, दिगंबररावांना, हाताला धरून घेऊन आल्या. पट पाहताच म्हाताऱ्याचे डोळे चमकले. पण स्ट्रायकर रेषेवरून असा सुसाट पळत होता की नजर ठरेना. त्यांनी कळ दाबली, फाउल. पुन्हा दाबली, पुन्हा फाउल. तिसऱ्यांदा बोट उचललेच नाही. हात मांडीवर घेऊन ते भिंतीकडे पाहू लागले.

"मशीन नवीन आहे ना आजोबा, होईल सवय," ऋजुता घाईने म्हणाली. ते ऐकून सुहासिनीबाईंनी मान खाली घातली.

तात्या उठले. त्यांनी सॉफ्टवेअरची एक खिडकी उघडली आणि काहीतरी टंकले. कोपऱ्यातला आकडा धाडकन तीसवर आला.

"अहो तात्या!" ऋजुताच्या जिवाला लागले. "एवढं दमदार मशीन, आणि तुम्ही त्याला लगाम घातलात?"

तात्या शांतपणे म्हणाले, "पोरी, हा खेळ संथ काळी जन्मला. चित्र बदललं की स्ट्रायकर एक पाऊल सरकवायचा, यंत्र जेवढं पळेल तेवढं पळायचं, एवढंच त्याला कळतं. तू त्याची बोली ओळखलीस, चाल ओळखली नाहीस. परक्या घरी आलेल्याशी त्याच्या भाषेत बोललं, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे त्याच्या पावलानं चालणं. आणि ज्याच्या अंगी बळ जास्त, त्यानंच पाऊल आवरायचं असतं. थकलेल्यानं कुठून आणावा वेग?"

ऋजुताने पडद्याकडे पाहिले. तिकडे स्ट्रायकर आता सावकाश सरकत होता. दिगंबररावांचा हात मांडीवरून उठला. त्यांनी एक फेरी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली आणि कळ दाबली. सोंगटी अलगद खळग्यात पडली.

त्यांचा पुढचा नेम जरासा हुकला आणि बाईंची पाळी आली. त्यांचा नेम साफ चुकला.

"चाळीस वर्षं झाली," इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच दिगंबरराव बोलले, शब्द जरा अडखळत, "हिला अजून खेळता येत नाही."

सुहासिनीबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. तेव्हा ऋजुताचे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. बाईंचा उजवा हात चांगला धडधाकट होता. पण खेळताना तो त्यांनी मांडीवरच ठेवला होता. त्याही डाव्याच बोटाने खेळत होत्या.

तिने तात्यांकडे पाहिले. तात्यांनी ते केव्हाच पाहिले होते. ऋजुता पुढे झाली आणि कोपऱ्यातला तो आकडा तिने कागदाच्या चिठ्ठीने हलकेच झाकून टाकला. मग स्टूल ओढून ती डाव संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.