न जुळलेली ओळ

“मग तो आकडा आधीच का नाही लावलास?” भुजंगबुवांनी विचारलं.

श्रीरंग मान खाली घालून बसला होता. शहरातली डेटाबेसची नोकरी सोडून तो पूर्णेकाठच्या या मठात आला होता. बुवांच्या गुरू चंद्रामाय. त्यांची पदं कुठेच लिहिलेली नव्हती, फक्त बुवांच्या कंठात होती. बुवा गात गेले, श्रीरंग संगणकात उतरवत गेला. पुढे बुवांना दुखण्याने गाठलं आणि पदं आठवेनाशी झाली. तरी कुणी घाबरलं नाही. सगळं जपून ठेवलेलं होतं ना…

ते बिघडलंय, हे आज त्याला सांगावं लागलं होतं.

पान साठवतानाच त्यातल्या अक्षरांवरून एक आकडा काढून सोबत ठेवतात. त्याला चेकसम म्हणतात. उघडताना तो पुन्हा काढायचा. जुळला नाही, तर पान नासलं समजायचं. काम जरा मंदावतं म्हणून श्रीरंगने तो बंद ठेवला होता. आपल्या हातचं बिघडणार नाही, अशी त्याला घमेंड होती. डिस्क मात्र आतून खराब होत गेली. अक्षरं गुपचूप बदलली, आणि राखीव प्रतींतही तीच उतरली.

“मग आता लाव.”

“आता आहे त्याच अक्षरांवरून आकडा निघेल, बुवा. नासलेलं पानही बरोबर ठरेल.”

बुवांनी संगणकाकडे बोट केलं.

“वाच,” ते म्हणाले.

श्रीरंग वाचू लागला. बुवांनी डोळे मिटले. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती.

“माय गेली पार, मागे नीर राहे…”

बोटं थांबली.

त्याने ओळ पुन्हा वाचली. अर्थ लागत होता, चालीतही बसत होती. बोटं पुन्हा तिथेच थांबली.

“इथे काय होतं, बुवा?”

“आठवत नाही…” बुवा म्हणाले. “पण हे नव्हतं.”

‘नीर’च्या जागी ‘तीर’ असेल, श्रीरंग घाईने म्हणाला. ‘धीर’ही शोभेल, कुणाला कळणार नाही. तो अक्षर बदलायला गेला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, तरी श्रीरंगला तो सोडवता येईना.

“मग गाणाऱ्यांनी तिथे काय म्हणायचं?” श्रीरंगने विचारलं.

“तिथे थांबायचं…” बुवा म्हणाले. “तेवढं तरी चंद्रामायचं राहील.”