शिंप्याचं स्वस्त गाव

फार लांबच्या एका राजधानीत एक शिंपी राहत होता. हात असा सफाईदार की सरदारांचे अंगरखे त्याच्याकडे यायचे. पण राजधानीतली भाडी अशी, की सगळ्या बिऱ्हाडाला मिळून एकच खोली. कापड बेतायच्या उंच पाटाखाली त्याच्या दोन्ही मुली झोपायच्या. थोरलीची उंची वाढली, तिचे पाय पाटाबाहेर येऊ लागले, आणि ते बघून शिंप्याचा जीव तुटायचा.

डोंगरापलीकडच्या राज्यात म्हणे सगळं स्वस्त होतं. शिंपी आठ दिवस तिथलं एक गाव बघायला गेला. रोज कुणी ना कुणी त्याला जेवायला बोलावलं. पाटलाने तर वर्षाला दोन अंगरखे शिवून देण्याच्या बोलीवर अंगणासकट घर देऊ केलं; छप्पर तेवढं पावसाआधी शाकारून घ्यायचं होतं. त्याचीही शिंप्याला काळजी वाटली नाही. एका म्हातारीचं घर वीस माणसांनी दिवसभरात शाकारलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी पिठलं-भाकरी खाऊन सगळे घरी गेले, मजुरी कुणी मागितली नाही.

स्वारी हवेत तरंगतच घरी आली. "तिथे छप्परसुद्धा फुकट मिळतं," त्याने बायकोला सांगितलं.

बायको अंगरख्याला बंद लावत होती. तिने विचारलं, "त्या आठ दिवसांत तुम्ही कुणाचं काय काम केलंत?"

"मी तर पाहुणा होतो."

"पाहुण्याला सगळीच गावं स्वस्त असतात. या खेपेला राहायला म्हणून जा, मग ठरवू." तोवर खोली सोडायची नाही, असंही तिने बजावलं.

वैशाखात शिंपी पुन्हा गेला. पाटलाकडून घर घेतलं आणि वीस माणसांची वाट बघत अंगणात बसला. चार दिवस बसला. माणसं समोरून जायची, रामराम करायची आणि दुसऱ्याच्या छपरावर चढायची. शेवटी तो त्या म्हातारीकडे गेला.

तिने त्याला सावड समजावून सांगितली. आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. ज्याने कुणाकडे दिवस दिला नाही, त्याच्याकडे कुणाचा दिवस येत नाही. तिला स्वतःला वर चढवत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक घरासाठी गवताच्या पेंढ्या बांधायची. शिंप्याने कनवटीचे पैसे पुढे केले.

म्हातारी हसली. "पैसं घिऊन काय करू, लेका? माझं छप्पर गळाया लागलं, तर तुजं पैसं वर चढनार हायती का?"

शिंप्याने घरी येऊन परत निघायला वळकटी बांधली. त्याचं पोट बोटांवर होतं. गवताने बोटं चिरली तर सुई कशी धरायची? मनातून तो खरंच घाबरला होता. पण परत जायचं म्हणजे पुन्हा तोच पाट आणि पाटाबाहेरचे ते पाय. त्याने वळकटी सोडली आणि सकाळी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

पहिले दोन दिवस त्याला कुणी वर चढू दिलं नाही, नुसतं पेंढ्यांना गाठी मारायला बसवलं. गाठी शिंप्याच्या, त्यातली एकही सुटली नाही. मग ज्याच्या त्याच्या घरून त्याला बोलावणं येऊ लागलं. अकरा दिवस तो अकरा घरी राबला, आणि बाराव्या दिवशी गाव त्याच्या अंगणात आलं. म्हातारी पेंढ्या घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होती.

निरोप मिळताच बायको मुलींना घेऊन आली. छप्पर शाकारून झालं होतं. तिने नवऱ्याचे चिरलेले हात हातात घेतले आणि विचारलं, "मग, स्वस्त आहे का गाव?"

"स्वस्त नाही," शिंपी म्हणाला. "पण परवडेल."

घरात प्रवासाने दमलेली थोरली सारवलेल्या जमिनीवर लांबच लांब पाय पसरून झोपली होती. बायकोने तिच्याकडे बघितलं आणि राजधानीतली खोली आता सोडायची म्हणाली.

तात्पर्य: गावात राहायला काय लागतं ते पाहुण्याला कळत नाही; दुसऱ्याच्या छपराला जो हात लावतो, त्यालाच तिथलं घर परवडतं.