त्या खोलीची शांतता

“...आणि इथं काय होतं?”

निकोडे सरांनी कानांवरचा हेडफोन काढला नाही. पडद्यावर एका जागी बोट ठेवून विचारलं.

“कुठं, सर?” शर्वाणीने मान पुढे केली.

“इथं. बाप म्हणतो, ‘माझं शाळेबद्दल काही म्हणणं नाही.’ आणि लगेच म्हणतो, ‘सोमेशले शाळा लई आवडे.’ या दोहोंच्या मधे काय होतं?”

“काही नाही. गप्प बसले होते. म्हणून कापलं.”

“हं...”

शर्वाणीला जरा राग आला. त्या जागी तिने सोमेशचा गणवेशातला फोटो इतक्या अलगद आणला होता की वर्गातल्या पोरांना दहा वेळा दाखवूनही कुणाला काही कळलं नव्हतं. मागच्या वर्षी जिल्ह्याचं बक्षीस तिला उगाच मिळालं नव्हतं.

“कट दिसतो का, सर?”

“नाही दिसत.”

“मग?”

“ऐकू येतो.”

सोमेश मडावी सातवीत होता. शाळेमागच्या खाणकामगारांच्या वस्तीत राहायचा आणि मधल्या सुट्टीत घरी जेवायला पळायचा. त्या दिवशी जाता जाता मुतारीत शिरला, आणि भिंत त्याच्या अंगावर आली. भिंतीला भेग पडल्याचं साऱ्या शाळेला ठाऊक होतं. पोरं त्या भेगेत पेन्सिली खोचून ठेवायची.

शनिवारी शोकसभा होती. संस्थेची माणसं येणार होती. मुख्याध्यापिका वैरागडे मॅडमनी व्हिडिओच्या वर्गातून शर्वाणी धोटेला बोलावून सांगितलं होतं, “छोटीशी फिल्म कर. मनाला भिडेल अशी. फक्त वाद नको.” राज्याच्या फिल्म शिबिराला शाळेकडून एकच नाव जायचं होतं. ते मॅडम याच फिल्मवरून ठरवणार होत्या. दहावीनंतर शर्वाणीला दुसरं काही शिकायचंच नव्हतं.

निकोडे सरांनी हेडफोन उतरवला.

“वाक्य कापलं की खोलीसुद्धा कापली जाते. पंख्याची घरघर एका ठिकाणी तुटते, दुसऱ्या ठिकाणी सुरू होते. तो सांधा बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. लाव ती.”

“नाहीये, सर.”

“घेतली नाहीस?”

शर्वाणी टेबलाकडे पाहत राहिली.

वर्षाच्या पहिल्या तासाला पोरांनी विचारलं होतं, “सर, तुमच्या वर्गाचे नियम काय?” सर म्हणाले होते, “बॅटरी भरून आणा. वेळेवर या. आणि जिथं जाल तिथून निघण्याआधी एक मिनिट सगळे गप्प राहा, तिथली शांतता टिपून आणा.” पहिले दोन नियम पोरांना समजले. तिसऱ्यावर वर्ग हसला.

“शांततेत काय सापडणार, सर? भूत?” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं.

“भूत सापडलं तरी चालेल. माइक चालू ठेवा.”

“सर,” शर्वाणी आता म्हणाली, “तसला आवाज कॉम्प्युटरवर बनवता येतो. मला येतो.”

“येत असेल. त्या घराचा येतो का?”

तिने माउसवरचा हात काढून घेतला.

“जाऊन घेऊन ये,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी परवानगी घेऊन ती वस्तीत गेली. सोमेशचे वडील वारलूजी दारातच बसले होते. ते अजून कामावर जायला लागले नव्हते.

“ये बाई. इचारायचं राह्यलं का काही?”

“नाही काका. आज काही बोलायचं नाहीये. फक्त एक मिनिट गप्प बसायचं. मी खोलीचा आवाज घेणार आहे.”

वारलूजींनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“तू पण तेच सांगायले आली?”

“म्हणजे... काय काका?”

“काही नाही. बसतो न. त्याची सवय झाली आता मले.”

ते आत येऊन भिंतीला टेकून बसले. शर्वाणीने माइक मधोमध ठेवला, हेडफोन कानांवर चढवला, रेकॉर्डर सुरू केला. लाल दिवा लागला.

पंख्याचं एक पातं कुठंतरी घासत होतं. दूर खाणीवर गिट्टीचं मशीन दळत होतं. वारलूजींचा श्वास. स्वतःचा श्वास. तिला वाटलं, झालं, एवढंच तर आहे.

मग शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली.

पडद्याआड, आतल्या खोलीत, कुणीतरी झटक्यात उठलं. बांगड्या वाजल्या. मांडणीतून एक ताट ओढलं गेलं आणि जमिनीवर ठेवलं गेलं. भांड्यावरचं झाकण निघालं.

...

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. आतून श्वाससुद्धा नाही.

...

मग ताट परत उचललं गेलं. अगदी हळू. शेजारी कुणी झोपलेलं असावं, त्याची झोप मोडू नये, तसं.

वारलूजींनी मान वर केली नाही. त्यांच्याकडे बघून शर्वाणीला कळलं की हे रोज होतं.

मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. तिचा हात रेकॉर्डरवर होता, पण बोट दाबलं जात नव्हतं.

संध्याकाळी निकोडे सरांनी ते सगळं ऐकलं. डोळे मिटून, शेवटपर्यंत. हेडफोन काढून ठेवला. पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली.

“लाव,” म्हणाले.

तिने घंटेच्या आधीचा स्वच्छ तुकडा घेतला आणि सांध्याखाली बसवला. वाजवून पाहिलं. ‘माझं शाळेबद्दल काही म्हणणं नाही... सोमेशले शाळा लई आवडे.’ पंखा अखंड फिरत होता. एक माणूस एका दमात बोलत होता.

“आता, सर?”

“आता नाही ऐकू येत. छान बसलंय. कुणालाच कळणार नाही.”

सरांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिने तो तुकडा पुन्हा वाजवला. आणखी एकदा वाजवला.

“सर... ते नुसते गप्प नव्हते.”

“असं?”

“आधी म्हणाले, ‘माझं शाळेबद्दल काही म्हणणं नाही.’ मग थांबले. खूप वेळ थांबले. मग म्हणाले...” तिचा आवाज खाली गेला. “म्हणाले, ‘असं बोल म्हणून सांगितलं मले.’”

सर पडद्याकडेच बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तिथं काहीतरी होतं, एवढं माहीत होतं.”

“मला वाटलं, वाद नको म्हणाल्यात मॅडम, तर... एकच तर वाक्य.”

“हं.”

“ते परत जोडलं तर फिल्म दाखवणार नाहीत.”

“नाही दाखवणार.”

“शिबिराला माझं नाव...”

“तेही हुकेल.”

“तुम्हाला पण बोलतील, सर.”

“बोलतील.”

“मग मी करू काय?”

सरांनी हेडफोनची वायर हाताभोवती गुंडाळली, खणात ठेवली, पिशवी खांद्याला लावली.

“मी निघतो,” ते म्हणाले. “जाताना पंखा बंद कर.”

ती एकटी बसून राहिली. अंधारून यायच्या आत तिने फोटो काढून टाकला, खालून बसवलेली शांतता उचलली आणि बापाचं गप्प बसणं होतं तसं, होतं तेवढं परत ठेवलं. त्यानंतरचं कापलेलं वाक्यही ठेवलं. मग पंखा बंद केला.

शुक्रवारी वैरागडे मॅडमनी फिल्म पाहिली. त्या ओरडल्या नाहीत.

“बेटा, तू हुशार आहेस,” त्या म्हणाल्या. “पण या लोकांना कोण काय बोलायला शिकवतं, ते तुझ्या वयात कळायचं नाही. शाळा बंद पडली तर ही एवढी पोरं कुठं जातील? त्याचा विचार केलास?”

“मॅडम, पण ते स्वतः...”

“तुझ्या भल्यासाठी सांगते आहे.” मॅडमनी पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला आणि खण लोटला. “वर्गात जा.”

शिबिराला दुसरं नाव गेलं. दुपारपर्यंत साऱ्या शाळेला कळलं.

“काय गं, जिल्ह्याची विजेती?” मागच्या बाकावरून आवाज आला. “भूत सापडलं म्हणे तुला!”

कुणी हसलं, कुणी हसलं नाही. शर्वाणीने मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी मैदानात मंडप होता. सोमेशच्या फोटोला हार होता. मागे मुतारीच्या जागी हिरवं कापड ताणून बांधलं होतं, आणि वाऱ्याने ते पोटासारखं फुगत होतं. संस्थेचे अध्यक्ष शाळेच्या शिस्तीवर बोलले. नियतीच्या मनात काय असतं ते कुणाला कळत नाही, असंही म्हणाले. मग त्यांनी वारलूजींना शाल पांघरली. टाळ्या वाजवायच्या की नाही ते पोरांना समजेना. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी वाजवल्या आणि ओशाळून थांबले. वारलूजी शाल अंगावर घेऊन खाली बघत बसले. सोमेशची आई आली नव्हती.

“सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं,” माइकवरून सूचना आली.

सगळी शाळा उभी राहिली.

शर्वाणीने मान खाली घातली. तिला शेजारी एक सावली दिसली. निकोडे सर मुलांच्या रांगेत येऊन उभे होते. त्यांचा हात छातीशी होता आणि त्या हातातल्या रेकॉर्डरवर लाल दिवा जळत होता.

हिरवं कापड फडफडलं. कुणीतरी खोकलं. व्यासपीठावर कुणाचा तरी मोबाइल थरथरला आणि घाईने बंद झाला. बाकी सगळे गप्प होते. शिक्षक गप्प होते, संस्थेची माणसं गप्प होती. त्या भेगेत पेन्सिली खोचणारी पोरंही गप्प होती.

“बसावं.”

सभा मोडली. मुलं रांगेने वर्गांकडे निघाली. शर्वाणी मागे राहिली.

“सर, फिल्म तर दाखवलीच नाही,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाजात राग होता. “आता हे कशाला?”

निकोडे सरांनी रेकॉर्डरमधलं कार्ड काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

“त्या घरची शांतता आहे ना तुझ्याकडे?”

“आहे.”

“तिला लागून ही लाव...” सर म्हणाले. “आणि सांधा ऐकू येतो का, ते मला सांग.”