स्वयंपाकघराची खिडकी

‘घर पाहावं बांधून’ म्हणतात. मी पाहिलं, मंडळी, आणि पार थकलो. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करून मी दमत नाही, पण आमच्या आर्किटेक्ट उमराणीकर साहेबांसमोर बसलो की घाम फुटायचा.

वाद एकच होता. स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला, आणि साहेब तिथे खिडकी ठेवायला तयार नाहीत.

"शेठ, खिडकीनं घराचा चेहरा बिघडतो. आणि गॅस आल्यापासून धूर होतोच कुठे?"

भिंत उभी राहिली, स्लॅबही पडला. आता गिलावा झाला की विषयच संपणार होता. मी हात टेकले.

आमच्या सौ. हौसाबाईंनी मात्र हात टेकले नाहीत. वर्षाचा कांदा-लसूण मसाला त्यांनी शेगडी नेऊन त्या कोंदट खोलीतच करायला घेतला आणि साहेबांना चहाला बोलावलं. साहेब आले तेव्हा कढईत मिरच्या भाजत होत्या. कप हातात येण्याआधीच त्यांना ठसका लागला आणि डोळे पुसत ते दाराबाहेर पळाले.

"अहो वहिनी, इथे माणूस उभा तरी कसा राहील?"

उलथनं हलवत हौसाबाई म्हणाल्या, "माणूस कशाला, साहेब? मीच उभी राहणार आहे."

साहेब रुमालाआडून, दारातूनच म्हणाले, "बरं, दोन फुटांची खिडकी ठेवू. पुरे ना?"

"आत या," हौसाबाई म्हणाल्या, "आणि पुरे का ते इथे उभं राहून सांगा."

खिडकी चार फुटांची झाली.