मुकी झालेली वीणा

चैत्रातल्या रणरणत्या उन्हात केसोबा महाराजांचा मुक्काम बोरसांगवीला होता. मारुतीच्या देवळात नामसप्ताह चालला होता. सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहायची, जमिनीला टेकवायची नाही. पहारा बदलताना देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं, मगच वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. मंडळी, ही पाया पडायची रीत ध्यानात ठेवा. घोडं अडलं ते तिथंच.

त्या गावात गोमाजी नावाचा कोष्टी होता. त्याच्या वडिलांच्या, हैबतीआबांच्या अंगावरून वारं गेलेलं. गोमाजीची बायको आधीच देवाघरी गेलेली. गोमाजी मागावर बसल्या बसल्या बापाला जपायचा. पेज भरवायची, धुवायचं-पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. तीन वर्षांत त्यानं म्हाताऱ्याच्या पाठीला एक फोड येऊ दिला नव्हता. महाराजांनी हे पाहिलं होतं. म्हणून त्यांनी आपणहून त्याला वीणेचा पहारा दिला, दहा ते बाराचा.

बारानंतरचा पहारा सप्ताहाचे पुढारी भुजंगराव यांचा. गोमाजी आदल्या दिवशीच हात जोडून म्हणाला, "मालक, तेवढं वेळेवर यावं. आबांना पाणी पाजायचं असतं, वळवायचं असतं."

"गू-मूत काढणारे हात तुझे," भुजंगराव म्हणाले, "वीणा धरायला मिळते हेच पुष्कळ समज. नामापुढं बाप मोठा झाला का रे?"

असं बोलवतं तरी कसं माणसाला? वर गंध, गळ्यात माळ आणि जिभेवर हे!

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. साडेबारा झाले, एक वाजला. भुजंगराव पुरणपोळीवर ताव मारून घरी लवंडले होते. कोष्ट्याच्या पाया पडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. उभा राहू दे, जिरू दे त्याची, हा हिशेब. टाळकरी सगळं समजून होते, पण पुढाऱ्याचा पहारा घ्यायला एकाची छाती झाली नाही. त्यांचाही मला राग येतो. गोमाजी नाम घेत होता आणि डोळ्यांपुढं आबांचे कोरडे ओठ येत होते. वीणा ठेवावी तर सप्ताह मोडला, न ठेवावी तर बाप तहानेनं तळमळतोय. त्याच्या डोळ्यांना धार लागली.

महाराज कडुनिंबाखालून उठून आले. म्हणाले, "वीणा खाली ठेवायची नाही, एवढाच नेम ना? मग ती घेऊन घरी जा."

गोमाजी पळत सुटला. वीणा गळ्यात, नाम मुखात. घरी त्यानं आबांना पाणी पाजलं, कूस बदलली, ओलं धोतर बदललं. वीणा पाठीवर सरकवली होती, आणि तिला हात न लावता ती वाजत होती. आबा कितीतरी दिवसांनी हसले.

तेवढ्यात बातमी लागून भुजंगराव ढेकर देत दारात उभे. "बाटवलीस वीणा!" म्हणत त्यांनी ती हिसकावून घेतली. पाया पडायची गोष्टच नाही. देवळात नेऊन गोमूत्र शिंपडलं, गळ्यात घातली आणि तार छेडली. आवाज नाही. तार ताणलेली, खुंट्या घट्ट, तरी आवाज नाही. बोट रक्ताळलं, पण वीणा मुकी ती मुकीच.

"जिथं वाजेल तिथं तुझा पहारा," महाराज म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

सगळं गाव मागं चाललं, गोमाजीही. महाराज थेट भुजंगरावांच्या वाड्यामागं, गोठ्यात शिरले. गव्हाणीशेजारी पोत्यावर एक म्हातारी पडली होती. भुजंगरावांची सख्खी आई, गिरजाई! गावाला सांगितलेलं, आई लेकीकडं सुखात आहे. अंगाला जखमा, मडकं कोरडं. "भुजा, पाणी दे रे," एवढंच ती म्हणत होती. किती दिवस म्हणत होती कोण जाणे! बैलांपुढं पाण्याची डोण मात्र भरलेली होती.

भुजंगरावांनी मान खाली घातली. त्यांनी तांब्या भरून आणला, आईच्या मानेखाली हात घातला आणि पाणी पाजलं. पहिला घोट तिच्या घशाखाली उतरला आणि गळ्यातली वीणा आपोआप झंकारली.

ते महाराजांच्या पायांकडं वाकले. महाराजांनी पाय मागं घेतले. "माझे पाय रोज धुतोस. हिचे कधी धुतलेस?"

भुजंगराव आईच्या पायांकडं वळले. पण वीणा गळ्यात, आईपाशी बसावं कसं? तोच गोमाजी पुढं झाला. त्यानं क्षणाचाही उशीर केला नाही. रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडला. मग भुजंगराव, सगळ्या गावादेखत, कोष्ट्याच्या पायांवर डोकं ठेवून रडले. त्यांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि आईचे पाय धुवायला खाली बसले.