गुरुजींची वेताची खुर्ची

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. जिच्याकडून ऐकली तिने बजावलं होतं, "मोठ्यांसमोर सांगू नकोस गं, हिच्यात मोठी माणसंच चुकतात." पण लहानांना सांगताना मोठेही कान देतात, त्याला मी काय करणार?

खूप जुन्या काळी, चीन देशातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे रोज सकाळी लोक नदीकाठच्या मैदानात जमत आणि प्राण्यांचा व्यायाम करत. आधी वाघासारखा पंजा उगारायचा, मग हरणासारखी मान वळवायची, अस्वलासारखं डुलायचं, माकडासारखं फळ तोडायचं आणि शेवटी करकोच्यासारखे पंख पसरायचे. सगळं अगदी सावकाश, श्वासाच्या लयीत. गुरुजी पुढे असत आणि बाकीचे त्यांच्या पाठीकडे बघत रांगांत उभे राहत. पूर्वीपासून चालत आलेली रीतच होती ती.

गुरुजी म्हातारे झाले आणि विसरू लागले. विहिरीवर जायचे, बादली घरीच राहायची. मुलाला भावाच्या नावाने हाक मारायचे. एका सकाळी हरिण करून झालं आणि ते तसेच थांबले. पुढे काय, ते आठवेना.

मागून कुणीतरी म्हणालं, "हरिण अस्वलाला भ्यालं वाटतं." रांगेत खसखस पिकली.

गावचा मुखिया भला माणूस होता. त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि वेताची खुर्ची मागवली. "गुरुजी, आयुष्यभर आम्हाला शिकवलंत. आता नुसतं बसून बघा." यात काही चुकतंय, असं कुणालाच वाटलं नाही.

गुरुजी बसले. आणि बसल्या बसल्या आणखी विसरत गेले. अंगरख्याचे बंद बांधता येईनात. पेजेचा वाडगा हातात थरथरू लागला. बोलणं कमी होत होत थांबलंच. मग एकदा ते घरातून एकटेच निघाले आणि नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले सापडले.

मुलगा आईला म्हणाला, "आता दाराला बाहेरून कडी लावायला हवी. मला काय हौस आहे?"

"कडी लावलीस तर आहेत तेवढेही उरणार नाहीत ते," आई म्हणाली. "उद्याची एक सकाळ मला दे. नाही जमलं तर लाव."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याचा हात धरून मैदानात आली. मुखियाने खुर्ची पुढे केली. तिने आपली शाल खुर्चीवर टाकली आणि गुरुजींकडे तोंड करून उभी राहिली.

"अहो, माझ्या सगळ्या सकाळी चुलीपुढे गेल्या. मला यातलं काही येत नाही. शिकवा."

गुरुजी खुर्चीकडे वळू लागले. मग तिने स्वतःच वाघाचा पंजा उगारला. चुलीवरून तापलेलं भांडं उतरवावं, तसा तो दिसत होता. गुरुजींच्या कपाळाला आठी पडली.

"आधी पाय," ते म्हणाले. कित्येक दिवसांनी ते बोलले होते. "मग पंजा."

आणि त्यांनी करून दाखवलं. वाघ झाला, हरिण झालं. तिथे ते पुन्हा अडले. या वेळी कुणी हसलं नाही. मुखिया रांग सोडून म्हातारीशेजारी येऊन उभा राहिला आणि अस्वलासारखा डुलू लागला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि तेही डुलू लागले. एकेक करून सगळे पुढे आले. रांगा मोडल्या, मैदानात वर्तुळ झालं. गुरुजींनी करकोच्याचे पंख पसरले, तेव्हा म्हातारी ताठ मानेने मुलाकडे बघत होती. मुलाचे डोळे भरून आले होते.

दाराला कडी कधीच लागली नाही. गुरुजी बरे झाले, असं मी म्हणणार नाही. बायकोचं नाव त्यांना पुढेही कधी कधी आठवत नसे. पण अंगरख्याचे बंद ते पुन्हा बांधू लागले, आणि उजाडलं की मैदानाकडे निघत. वाटेत कुणी परक्याने विचारलं, "हे कोण?" तर म्हातारी सांगे, "माझे गुरुजी. नवरा नंतर."

तात्पर्य : विसरणाऱ्या माणसाला बाजूला बसवू नये, त्याच्यासोबत उभं राहावं.

त्या गावात अजूनही वर्तुळच करतात. त्यात सगळ्यांत पुढे कोण उभं राहतं, असं कुणी विचारलं, तर ते लोक हसून म्हणतात, वर्तुळाला कुठे पुढे-मागे... हो आई, आलेच, एवढं एक वाक्य